मॉरिशसची गोल्फ सहल: ३,०५,६०० रुपये गेले, तिकीट आलेच नाही

मॉरिशसला गोल्फ आणि पर्यटन अशी एकत्रित सहल घडवतो, असे सांगून नागपुरातील एका टूर चालकाने आम्हा पतिपत्नीचे ३,०५,६०० रुपये बुडवले आहेत. आमच्या गटात चार जोडपी होती आणि प्रत्येक जोडप्याने तेवढीच रक्कम भरली होती, म्हणजे एकंदर १२,२२,४०० रुपये. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे नाव येथे लिहीत नाही, परंतु पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण तीच पद्धत तो पुन्हा वापरणार याची मला खात्री आहे.

'इतके शिकले-सवरलेले लोक फसतातच कसे?' असे विचारणाऱ्यांनी आधी त्याची तयारी पाहायला हवी होती. धरमपेठेत वातानुकूलित कार्यालय होते, पावतीवर जीएसटी क्रमांक होता, आणि आमच्यापैकी दोघांच्या ओळखीतून तो आला होता. बेल मारच्या किनाऱ्यावर गोल्फच्या दोन फेऱ्या आणि एक फेरी इल ओ सेर्फ बेटावर, असा कार्यक्रम त्याने आखून दिला. बर्नहार्ड लँगर यांनी आखलेल्या त्या मैदानावर बोटीने जावे लागते आणि तेथे काही फटके पाण्यावरूनच मारावे लागतात, हे त्याने आम्हाला नकाशा उघडून समजावले होते. पुरुष मंडळी मैदानावर असताना महिलांना गंगा तलाव, शामारेलची सात रंगांची माती आणि पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट दाखवायचा, असे ठरले. १८३४ पासून भारतातून कराराने बांधून नेलेले गिरमिटिया मजूर ज्या घाटावर उतरले, तो पाहण्याची माझ्या पत्नीची फार वर्षांची इच्छा होती. त्या मजुरांत मराठी माणसेही होती आणि गणेश चतुर्थीला तेथे आजही सार्वजनिक सुट्टी असते, हे तिला त्यानेच सांगितले. ज्याला आपल्या मनातले इतके नेमके ठाऊक आहे, त्याच्याविषयी संशय कोणाला आणि कशासाठी येणार?

हिशेब असा होता. एका जोडप्यामागे सहलीचे २,४०,००० रुपये, त्यावर त्या वेळच्या नियमानुसार ५ टक्के टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून गोळा करून सरकारजमा करायचा आयकर) म्हणजे १२,००० रुपये, मैदानांवरील वेळ राखून ठेवण्याची अनामत ३५,००० रुपये आणि व्हिसा प्रक्रिया शुल्क माणशी ९,३०० प्रमाणे १८,६०० रुपये. टीसीएसची रक्कम आपल्या पॅनवर जमा होते आणि आयकर खात्याच्या २६एएस विवरणात दिसते, हे मला ठाऊक होते आणि मी ते तपासलेही. काही दिसले नाही तेव्हा "काका, तिमाही संपल्यावर विवरणपत्र भरतो, मग दिसेल," असे उत्तर आले. हे उत्तर खोटे नव्हते, आणि हीच त्याची खुबी होती. त्याचे प्रत्येक खोटे एखाद्या खऱ्या नियमाच्या आडोशाने उभे असायचे.

आता त्या व्हिसाच्या ओळीकडे येतो, कारण ती आठवली की आजही रक्त उसळते. पावती जेवणाच्या टेबलावर होती. पत्नीने चष्मा लावून ती वाचली आणि विचारले, "असं कसं बाप्पा? मॉरिशसला व्हिसा लागतो का हो? माझी बहीण तर पासपोर्ट घेऊन नुसती गेली होती." तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते, भारतीय पर्यटकांना मॉरिशससाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. मी तिच्यासमोरच त्याला फोन लावला. क्षणाचाही वेळ न घेता तो म्हणाला, "सर, ते साध्या पर्यटकांसाठी. तुम्ही खेळाचं साहित्य घेऊन जाताय, म्हणून क्रीडा व्हिसा लागतो." सहलीला गेलेल्या हौशी खेळाडूला असा कोणताही व्हिसा लागत नाही. परंतु पत्रकारांना वेगळा, नोकरीसाठी वेगळा, विद्यार्थ्यांना वेगळा व्हिसा असतो हे आपण सगळेच ऐकून असतो, आणि जो माणूस रोज हेच काम करतो त्याचे ऐकायचे नाही तर कोणाचे ऐकायचे? त्या सायंकाळी मॉरिशसच्या सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटे घालवली असती, तर उरलेले दीड लाख वाचले असते. तो दुसरा हप्ता अजून माझ्याच खात्यात होता, हेच मनाला डाचते. ज्या देशाचा व्हिसा लागतच नाही त्याचे शुल्क कोणी मागितले, तर तेथेच व्यवहार थांबवा.

पुढचा सापळा तिकिटाचा होता. त्याने पाठवलेला सहा अक्षरी पीएनआर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला, तर आमची नावे, मुंबईहून निघण्याची वेळ, सारे व्यवस्थित दिसले. पैसे न भरताही आरक्षण काही काळ धरून ठेवता येते, आणि तोवर पीएनआर खराच असतो. तिकीट खरोखर काढले असेल तर तेरा अंकी ई-तिकीट क्रमांक मिळतो. आमच्या कागदावर तो नव्हता. तो क्रमांक हातात आल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नका, आणि हॉटेलला व मैदानाला स्वतः ईमेल करून नोंदणी विचारा. आम्ही विचारले तेव्हा दोन्हीकडून एकच उत्तर आले की या नावाने कोणतीही नोंद नाही. कार्यालयावर गेलो तर फलक उतरवलेला होता, आणि जागामालक म्हणाले की अकरा महिन्यांचा भाडेकरार होता, तो संपला.

यानंतर जे सुरू झाले त्याचा संताप फसवणुकीपेक्षा तसूभरही कमी नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तर हा सायबर गुन्हा नसून सहल न घडवल्याची तक्रार आहे, असे सांगण्यात आले. पोलीस ठाण्यात गेलो, तर "काका, पैसे तुम्ही स्वतःच पाठवले ना? मग हे दिवाणी प्रकरण आहे," असे उत्तर मिळाले. पैसे मुंबईच्या खात्यात गेले असल्याने तिकडे जा, असेही ऐकवले गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कोठेही घडला असला तरी ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद आहे, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे. मी त्याची छापील प्रत पुढे ठेवली, तेव्हा अर्जावर आवक शिक्का मारून तो ठेवून घेतला. गुन्हा मात्र नोंदवला नाही. ज्येष्ठ नागरिकांना लाकडी बाकावर ताटकळत बसवायचे आणि साहेब बंदोबस्ताला गेले म्हणून परत पाठवायचे, याला नोकरी म्हणतात काय? बँकेचे उत्तर त्याहून कोरडे होते. अनधिकृत व्यवहार कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकाला संरक्षण मिळते, पण हा व्यवहार तुमच्याच संमतीने झाला आहे, असे व्यवस्थापकांनी सांगितले. पैसे ज्या खात्यात गेले ते कंपनीच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या नावाने उघडलेले होते, आणि ते खाते कोणती कागदपत्रे पाहून उघडले, हे सांगायला तिकडच्या बँकेने गोपनीयतेचे कारण पुढे केले. म्हणजे गोपनीयता चोराची जपायची! जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला, तर नोंदणी केव्हाच रद्द झाली होती. ही तपासणी कोणालाही फुकट करता येते. ती पहिला हप्ता देण्याआधी करा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही आणि वकील न देताही तक्रार दाखल करता येते. दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते. चारही जोडप्यांनी स्वतंत्र तक्रारी केल्या. त्याच्या जुन्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आली आहे.

दरम्यान आमच्यातील एकाला परवा मोबाइलवर बालीच्या गोल्फ सहलीची जाहिरात आली. नाव वेगळे होते, पण नकाशा समजावण्याची ढब, हप्त्यांचे टप्पे आणि 'मैदान अनामत ३५,०००' ही ओळ जशीच्या तशी होती. नागपुरात किंवा आसपास कोणी असे पैसे भरले असतील, तर तिकीट क्रमांक आजच मागा. तो मिळाला नाही तर बँकेचा यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक) जवळ ठेवून लगेच १९३० वर फोन करा, आणि तक्रार क्रमांक दिल्याशिवाय समोरच्याला फोन ठेवू देऊ नका. पैसे समोरच्या खात्यातून काढले जाण्याआधी कळवले, तरच ते गोठवले जाण्याची शक्यता असते.