काँक्रीटमधला सांधा: ओल्यात ओढायचा, पट्टी घालायची की कटर लावायचा?

बंगल्याचं पार्किंग असो, नाशिकच्या सातपूर-अंबडमधलं गोडाऊन असो की पिंपळगावकडची शेड, खडी आणि क्रश सँड येऊन पडल्यावरच सांध्यांचा विषय निघतो. तो आधी निघायला हवा. सांधे कसे घेणार त्यावर काँक्रीट किती वाजता सुरू करायचं आणि संध्याकाळी कोणाला थांबवून घ्यायचं, हे ठरतं.

काँक्रीट सुकताना आकसतं. खालचा मुरूम त्याला सरकू देत नाही, मग ताण येतो आणि ते फाटतं. सांधा घेतला म्हणून हे फाटणं टळत नाही. तडा आपण आखलेल्या सरळ रेषेत, खाचेच्या तळाशी जातो, एवढंच सांधा करतो. त्यासाठी खाच जाडीच्या किमान पाव खोल लागते. 4 इंची काँक्रीटला 1 इंच, 6 इंचीला दीड इंच. दोन सांध्यांतलं अंतर जाडीच्या साधारण 24 ते 30 पट, म्हणजे 4 इंचीला 8 ते 10 फूट. तुकडा शक्यतो चौरस हवा, लांबी रुंदीच्या दीडपटीच्या वर नको. 20 बाय 10 फुटांच्या पार्किंगला मधोमध एक सांधा पुरतो. पण बंगल्याच्या बाजूची 3 फूट रुंद साइड मार्जिन असेल तर तिथे दर साडेचार फुटांवर सांधा लागतो, आणि नेमका तिथेच तो कोणी घेत नाही.

ओल्या काँक्रीटमध्ये खाच ओढणं सगळ्यात स्वस्त. वेळही चुकत नाही, कारण मिस्त्री जागेवरच असतो. अडचण खोलीची आहे. आपल्याकडे बऱ्याचदा दोरी दाबून किंवा थापीच्या कडेने रेघ मारतात. ती दिसायला छान दिसते, पण असते जेमतेम पाव इंच. ती नक्षी झाली, सांधा नाही. खाली 1 इंचाची धार असलेलं खाच पाडायचं हत्यार हवं. ते नसेल तर 1 इंच रुंदीची लोखंडी पट्टी आडव्या फळीच्या आधाराने उभी दाबून खडी बाजूला सारावी लागते. वरचं पाणी जिरल्यावरच खाच ओढायची, नाहीतर माल परत आत वाहून ती बुजते. मिस्त्री उठायच्या आधी स्टीलची फूटपट्टी खाचेत घालून दोन-तीन ठिकाणी खोली बघा.

काचेची किंवा पीव्हीसीची पट्टी ओटा, व्हरांडा, शाळेची खोली अशा आयपीएससाठी (जागेवर ओतून गुळगुळीत केलेल्या सिमेंटच्या फरशीसाठी) उत्तम. तिथे वरचा थर पातळ असतो, पट्टी त्याच्या पूर्ण जाडीची बसते आणि लेव्हलही तीच देते. गाडीखालच्या 4-6 इंची काँक्रीटमध्ये मात्र मी ती सुचवणार नाही. कटरने पाव जाडी कापली की खालचा तडा खडबडीत राहतो, दोन्ही बाजूंची खडी एकमेकींत अडकते आणि चाकाचा भार पलीकडे जातो. पूर्ण जाडीची गुळगुळीत पट्टी ही पकड तोडते. मग ट्रॅक्टर गेला की प्रत्येक तुकडा वेगळा दबतो आणि कडा उडतात.

कटरचा सांधा सगळ्यात नीट येतो. 3 मिमी रुंद, सरळ, धारदार कडांचा. ट्रिमिक्सच्या (व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेतलेल्या काँक्रीटच्या) गोडाऊनला, जिथे फोर्कलिफ्टची लहान कडक चाकं रोज फिरतात, तिथे दुसरा पर्याय नाही. ओल्यातल्या गोल कडांच्या रुंद खाचेत ती चाकं आदळतात. कटरचं सगळं यश मात्र वेळेवर असतं. फिनिशिंग झाल्यापासून साधारण 4 ते 12 तासांत कापायला हवं. लवकर कापलं तर कडेची खडी उपटून येते, उशीर केला तर तडा आधीच मनाप्रमाणे गेलेला असतो. एप्रिल-मेच्या उन्हात, कोरड्या वाऱ्यात हा वेळ फार लवकर येतो. सकाळी 10 ला फिनिशिंग झालं तर दुपारी 2 नंतर कटर जागेवर हवाच. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा 10 अंशांखाली जातो, त्यात सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, हळू घट्ट होणारं. तिथे संध्याकाळी झालेलं काम सकाळी कापलं तरी चालतं. घड्याळापेक्षा चाचणी बरी: एक फूटभर कापून बघा. खडी कापली जात असेल तर चालू ठेवा, उपटत असेल तर अर्धा तास थांबा. आपली खडी काळ्या पाषाणाची, कडक, त्यामुळे ब्लेड चांगलं आणि पाणी सतत हवं. कटर भिंतीपर्यंत पोचत नाही. शेवटचे काही इंच हँड ग्राइंडरने पूर्ण करून घ्या, नाहीतर तडा तिथूनच वाकडा वळतो.

घरच्या पार्किंगपुरतं बोलायचं तर कटरवाला लहान कामाला संध्याकाळी यायला कुरकुरतो. “उद्या सकाळी येतो” हे उत्तर मे महिन्यात स्वीकारू नका. त्याच दिवशी येणार असेल तरच कटर, नाहीतर ओल्यात पुरेशा खोलीची खाच. उशिराच्या सुरेख सांध्यापेक्षा वेळेवरचा साधा सांधा कधीही चांगला. गोडाऊनवाल्यांनी आधी कटर बुक करावा, मग आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी.

कोणत्याच पद्धतीने न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. कॉलम आणि चेंबरभोवती थर्माकोल किंवा तत्सम पट्टी घालून काँक्रीट सुटं ठेवा, कोपऱ्यातून तिरके तडे निघतात ते तिथूनच. पहिल्या काही तासांत वरवर पडणाऱ्या बारीक भेगा उन्हा-वाऱ्याने पडतात, त्याला झाकणं आणि वेळेवर पाणी मारणं हाच उपाय. खाली काळी माती तशीच ठेवली तर ती पावसात फुगून सगळं उचलते. ती काढून मुरूम थराथराने दाबा. आणि हे सगळं जमिनीवरच्या काँक्रीटसाठी आहे. छताच्या स्लॅबला कटर लावायचा नाही.

सांधे भरायची घाई नको. महिनाभर तरी आकसू द्या, मग खाच झाडून, कोरडी करून पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिसल्फाइड सीलंट, म्हणजे रबरासारखं लवचिक राहणारं भरण, भरा. उघड्यावरचं काम असेल तर जूनच्या आत. सिमेंटची स्लरी ओतू देऊ नका. ती खाचेत दगडासारखी बसते आणि उन्हाने काँक्रीट फुगलं की दोन्ही कडांचे टवके उडतात.