सांधे सुटले, पण नडगीवर डाग बसला: आमवाताच्या गोळ्यांचा अकरा महिन्यांचा अनुभव

सल्फासलाझीन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या सांध्यांची सूज आवरणाऱ्या गोळ्यांची नावे आमवाताच्या रुग्णांना नवी नाहीत, म्हणून थेट त्यांनी त्वचेवर केलेल्या परिणामांकडे वळतो.

सुरुवात सल्फासलाझीन या सल्फा गटातील औषधाने झाली. डोस दर आठवड्याला 500 मिलिग्रॅमने वाढत होता आणि सतराव्या दिवशी पोटावर व दंडांच्या आतल्या बाजूला बारीक लाल पुरळ उठले. मी दोष साबणाला दिला, साबण बदलला आणि अर्धी भरलेली डबी वाया कशाला घालवायची, या हिशेबाने आणखी चार दिवस गोळ्या घेतल्या. हा काटकसरीपणा अंगाशी आला. ताप चढल्यावर डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी पुरळ पाहण्याआधी तोंडाच्या आत आणि डोळ्यांत पाहिले, कारण तेथे फोड किंवा लाली दिसली असती तर प्रकरण स्टीव्हन्स-जॉन्सनसारख्या जीवघेण्या विकाराकडे झुकले असते. गोळ्या तत्काळ बंद झाल्या. रक्तातील इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि यकृत यांच्या तपासण्या सुदैवाने ठीक आल्या. ‘सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का?’ हा प्रश्न मला त्या दिवशी प्रथमच विचारण्यात आला. लहानपणी सल्फाच्या औषधाने माझ्या अंगावर गांधी उठल्या होत्या. पहिल्याच भेटीत विचारले असते तर सांगितले असते.

त्यानंतरची हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन मी चौथ्या महिन्यापर्यंत निरुपयोगीच समजत होतो. ते मत मागे घेतो: सकाळचा आखडलेपणा दीड तासावरून वीस मिनिटांवर आला आहे. मात्र आठव्या महिन्यात उजव्या नडगीवर, जेथे खाटेचा कोपरा लागून काळेनिळे झाले होते, तेथे राखाडी-निळसर डाग राहिला. मार लागलेल्या जागी हे औषध असा रंग धरू शकते, असे डॉक्टरांनी सांगितले. डाग निरुपद्रवी आहे, पण हे औषध डोळ्यांच्या पडद्याला इजा करू शकते म्हणून डोळ्यांची तपासणी तेवढी चुकवू नका, असेही बजावले. ती मी वेळेवर करतो, तरी लक्ष नडगीवरच असते. दर रविवारी डागावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून कडा आखतो. शरीरातले औषध अर्धे कमी व्हायलाच सुमारे चाळीस दिवस लागतात, त्यामुळे गोळी बंद करून लगेच काही साधणार नाही आणि बंद करण्याची इच्छाही नाही. गेल्या तीन रविवारच्या रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या आहेत.