नवी नोकरी, जुना पीएफ : ईपीएफओच्या सदस्य पोर्टलचं परीक्षण

रुजू होताना एचआर पीएफच्या माहितीचा फॉर्म ११ पुढे करतं. त्यात जुना १२ अंकी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक, लिहायलाच हवा. रकाना कोरा सोडला की दुसरा यूएएन तयार होऊ शकतो आणि मग दोन्ही जुळवत बसावं लागतं.

जुन्या खात्यातले पैसे नव्यात वळवायची सोय पोर्टलवरच्या ‘वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट’ या पर्यायात आहे. सोय उत्तम, मांडणी रटाळ. घोडं अडतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, आधार, पॅन आणि पीएफच्या नोंदीतलं नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही. जुन्या कंपनीत ओळखीचं कुणी आहे तोवरच ही दुरुस्ती उरकावी. दुसरं, जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेलीच नसते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एक्झिट’मध्ये ती स्वतः भरता येते, आधारवरच्या ओटीपीने. तारीख मात्र नीट पाहून टाका, नंतर बदलणं कटकटीचं.

पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं तर घाबरू नका. हस्तांतरात ती रक्कम तिथे दिसत नाही, पण सेवेची वर्षं जोडली जातात, आणि पेन्शनसाठी लागणारी १० वर्षं त्यावरच मोजतात.

नोकरी बदलली म्हणून पीएफ काढून घेणं आम्हाला पटत नाही : सलग ५ वर्षांच्या आत काढला तर करही लागतो. पासबुकाचं पान पोर्टलपासून वेगळं का ठेवलंय, ते ईपीएफओलाच ठाऊक.