काउंटी कॉलेजातील डेंटल हायजीन आणि क्रिमिनल जस्टिस : दोन अभ्यासक्रमांचे परीक्षण

न्यू जर्सीत आम्ही राहतो त्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या), दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या सरकारी कॉलेजात डेंटल हायजीन (दात-हिरड्यांची तपासणी व सफाई) आणि क्रिमिनल जस्टिस (पोलीस, न्यायालये व गुन्हेगारी कायदा) हे दोन्ही अभ्यासक्रम आहेत, आणि माहितीपत्रकात ते ‘करिअर’ या एकाच मथळ्याखाली शेजारी शेजारी छापलेले असतात. माझ्या मुलीने तेथे क्रिमिनल जस्टिस केले. आमच्या वहिनींनी, ज्या नागपूरहून बीडीएस होऊन लग्नानंतर इकडे आल्या, डेंटल हायजीन पूर्ण केले. दोन्ही अभ्यासक्रम शिकवले चांगले जातात. मात्र त्यांतला एक विद्यार्थ्याला थेट परवान्याच्या परीक्षेपर्यंत नेतो आणि दुसरा तसा नेत नाही, हे प्रवेशाआधी कोणी उलगडून सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डेंटल हायजीन हा कागदोपत्री दोन वर्षांचा अभ्यासक्रम असला, तरी प्रत्यक्षात बहुतेकांना तीन वर्षे लागतात, कारण शरीररचना व शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय आधी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाल्याशिवाय मूळ अभ्यासक्रमाच्या मोजक्या जागांसाठी अर्जच विचारात घेतला जात नाही. वहिनींचे बीडीएसचे विषय ग्राह्य धरायचे की नाहीत याचा निर्णय कॉलेजने इतका उशिरा कळवला की त्यांचे एक वर्ष वाया गेले. भारतातून दंतवैद्य होऊन आलेल्या आणि येथे पुन्हा दोन-अडीच वर्षांच्या महागड्या डेंटल स्कूलचा खर्च न झेपणाऱ्या अनेक मराठी मुली या वाटेचा विचार करतात. त्यांनी गुणपत्रिकांचे मूल्यांकन अर्जाच्या कितीतरी आधी करून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

एकदा आत गेल्यावर मात्र शिक्षणाचा दर्जा वादातीत आहे. डेंटल अभ्यासक्रमांना मान्यता देणारा ‘कोडा’ हा आयोग क्लिनिकमध्ये दर पाच विद्यार्थ्यांमागे निदान एक शिक्षक असलाच पाहिजे असा दंडक घालतो, आणि तो येथे पाळला जातो हे मी स्वतः रुग्ण म्हणून खुर्चीत बसून पाहिले आहे. कॉलेजचे क्लिनिक बाहेरच्या लोकांसाठीही खुले असते आणि खाजगी दवाखान्याच्या तुलनेत फारच थोड्या पैशांत दात साफ करून मिळतात. फक्त वेळ भरपूर काढून जावे लागते. माझ्या वेळी विद्यार्थिनीने आधी औषधांची आणि जुन्या आजारांची पूर्ण नोंद घेतली, रक्तदाब मोजला, आणि शिक्षिकेने त्या कागदावर सही केल्यानंतरच तोंड तपासायला घेतले. मग मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीची खोली मोजून ती आकडे मोठ्याने सांगत होती आणि शेजारची मैत्रीण ते टिपून घेत होती. तीन, दोन, तीन असे आकडे चालू असताना मागच्या दाढेपाशी अचानक पाच आला, तेव्हा शिक्षिकेने येऊन स्वतः पुन्हा मोजले, विद्यार्थिनीचा हात धरून सळईचा कोन बदलला आणि तो चारच आहे हे तिला दाखवून दिले. कीटण काढून झाल्यावरही शिक्षिकेने प्रत्येक दात पुन्हा चाचपला, आणि दोन ठिकाणी राहिलेले कीटण विद्यार्थिनीकडूनच काढून घेतले. इतक्या वर्षांत कोणत्याही दवाखान्यात माझ्या हिरड्यांकडे एवढे लक्ष कोणी दिले नव्हते.

खर्चाचा अंदाज मात्र नुसत्या फीवरून बांधू नये, कारण हत्यारांचा संच, भिंगाचा चष्मा, गणवेश आणि परीक्षांचे शुल्क मिळून काही हजार डॉलर वरून लागतात. शेवटी ३५० प्रश्नांची राष्ट्रीय लेखी परीक्षा आणि त्याखेरीज प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. या प्रात्यक्षिकासाठी पुरेसे कीटण असलेला रुग्ण विद्यार्थ्यालाच शोधून आणावा लागे, हा पूर्वी मोठाच ताप होता. कोविडनंतर कृत्रिम जबड्यावरील परीक्षेचा पर्याय आल्यामुळे तो बराच कमी झाला आहे. परवाना हाती आला की काम मिळते. सरकारी आकडेवारीनुसार मे २०२३ मध्ये देशभरातील हायजिनिस्टचे मध्यम वार्षिक वेतन ८७,५३० डॉलर होते, आणि दोन वर्षांच्या पदवीवर इतके देणारी क्षेत्रे फार नाहीत.

क्रिमिनल जस्टिसचे वर्ग वेगळ्या अर्थाने समृद्ध आहेत. बरेच शिक्षक निवृत्त पोलीस अधिकारी किंवा वकील असल्यामुळे अटकेतल्या माणसाला गप्प राहण्याचा व वकिलाचा हक्क सांगण्याविषयीचा १९६६ चा मिरांडा खटला किंवा रस्त्यात अडवून झडती घेण्याविषयीचा १९६८ चा टेरी खटला नुसता पाठ करून घेतला जात नाही. कोणत्या शब्दांत अहवाल लिहिला तर पुरावा न्यायालयात टिकतो आणि कशामुळे तो बाद होतो, यावर तासन्‌तास चर्चा होते. माझ्या मुलीचे लेखन या अहवालांनीच सुधारले. पण ही पदवी घेऊन कोणी पोलीस होत नाही. त्यासाठी भरतीची परीक्षा, पार्श्वभूमीची कसून तपासणी आणि पोलीस अकादमीतील प्रशिक्षण हे सारे वेगळे पार पाडावे लागते, आणि न्यू जर्सीत गावाच्या पोलीस दलात जायचे तर अमेरिकेचे नागरिकत्व ही कायद्याचीच अट आहे. आपल्याकडची कितीतरी मुले वीस वर्षांची होईपर्यंत ग्रीन कार्डच्या रांगेतच असतात. त्यांना हे पहिल्याच सत्रात सांगणे कॉलेजचे कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते.

म्हणून या अभ्यासक्रमाकडे चार वर्षांच्या पदवीचा पहिला टप्पा म्हणूनच पाहावे. २००७ च्या राज्य कायद्यामुळे काउंटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. ही दोन वर्षांची पदवी असेल तर तिचे सर्व श्रेयांक सरकारी विद्यापीठांत धरले जातात, ए.ए.एस. या व्यवसायाभिमुख पदवीला मात्र ही हमी नाही, आणि प्रवेश मिळेलच असेही तो कायदा म्हणत नाही. काही कॉलेजांत क्रिमिनल जस्टिस दोन्ही प्रकारांत उपलब्ध असते, त्यामुळे नाव नोंदवताना पदवीचे नेमके नाव अर्जावर वाचून घ्यावे. मुलीने ए.एस. घेतली होती, म्हणून तिला रटगर्स या सरकारी विद्यापीठाच्या नेवार्क येथील विभागात थेट तिसऱ्या वर्षाचे विषय घेता आले. तिच्याच वर्गातील एका मुलाने ए.ए.एस. निवडली होती, त्याला बरेच विषय पुन्हा फी भरून करावे लागले.