जुना बंधारा काढायला पैसा कुठून आणायचा: सीएसआर की ग्रामपंचायतीचा निधी?

आमच्या गावात, म्हणजे राजापूर तालुक्यात, दोन मोडके बंधारे काढून झालेत, खालच्या वाडीचा सीएसआरच्या (कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामाला द्यायच्या) पैशातनं आणि वरच्या वाडीचा वित्त आयोगाच्या (केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या) निधीतनं. दोन्ही फायली मीच फिरवल्यात त्यामुळे हल्ली आजूबाजूच्या गावांतनं फोन येतात की दादा, आमच्या वहाळावरचा (ओढ्यावरचा) पण काढायचाय, कोणाकडे जाऊ. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

का काढायचा यावर वेळ घालवत नाही. फळ्या कधीच गेल्यात, गाळ भिंतीच्या डोक्याला लागलाय, एप्रिलात मागे हिरवं पाणी सडतंय आणि मिरगाच्या पावसात चढणीचे मासे भिंतीला आपटून माघारी फिरतायत, हे ज्याने बघितलंय त्याला पटवायला लागत नाही. अहीर मासा तर समुद्रात जन्मतो आणि वाढायला नदीत वर चढतो, त्याची वाटच आपण बंद करून ठेवलेली असते. फक्त ज्या बंधाऱ्यात अजून पाणी थांबतंय आणि त्यावर कोणाची वायंगणी (उन्हाळी भाताची) शेती चाललीय त्याला कृपा करून हात लावू नका. वनराई बंधारे तर दरवर्षी घालायचे आणि पावसात जाऊ द्यायचे, तो विषयच वेगळा.

आता पैसा. युरोपात २०२१ पासून ओपन रिव्हर्स प्रोग्राम म्हणून सव्वाचार कोटी युरोचा फंड आहे, तो खास छोटे बांध काढायलाच ग्रँट देतो, त्याची लिंक मलाही बऱ्याच जणांनी पाठवली, पण तो फक्त युरोपातल्या नद्यांसाठी. आपल्याला दुसऱ्या कुठल्या तरी खर्चाच्या शीर्षाखाली बसवूनच पैसा आणावा लागतो.

सीएसआरचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरण, नैसर्गिक साधनांचं संवर्धन, पाण्याची गुणवत्ता हे सरळ लिहिलेलं आहे, त्यामुळे बंधारा काढणं त्यात बसतं, कोणाला ओढूनताणून समजवावं लागत नाही. माणसं नीट बोलतात, ईमेलला उत्तर येतं, साइट बघायला येतात. तुमची संस्था बारा-ए आणि ऐंशी-जी (आयकर खात्याच्या नोंदण्या) वाली हवी आणि २०२१ पासून सीएसआर-१ हा कंपनी खात्याचा फॉर्म भरून नंबर घेतलेला हवा, एवढं असलं की अर्धं काम झालं. रक्कमही एकदम मोठी मिळू शकते, आमच्या खालच्या बंधाऱ्याला मिळाली तेवढी ग्रामपंचायतीतनं एका वर्षात निघालीच नसती.

आणि आता जे मला शेवटपर्यंत खुपलं ते. ३१ मार्च.

कंपनीचं वर्ष मार्चला संपतं, तोपर्यंत पैसा खर्च झालेला दाखवायचा असतो. आपल्याकडे वहाळ कधी आटतो? आमच्याकडे फेब्रुवारीत अजून वाहतं पाणी असतं, बंधाऱ्यामागचा डोह तर एप्रिल उजाडेपर्यंत उतरत नाही. म्हणजे काम करायचा खरा वेळ एप्रिल ते मे अखेर, आणि पैशाचा वेळ मार्चला संपला. पहिला हप्ताच आम्हाला उशिरा मिळाला आणि त्यानंतर रोज फोन, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा खर्च झाल्याचा दाखला) कधी देताय, फोटो कधी पाठवताय. शेवटी पोकलेन भरल्या पाण्यात घालावा लागला. पंप लावले, पाणी काही हटेना, गाळ ढवळून खाली बायका कपडे धुतात त्या कातळापर्यंत लाल चिखल, डोहातले मासे श्वास कोंडून वर आले, आणि भिंत वरून फुटली पण खालचा पाया पाण्यात दिसतच नव्हता तो तसाच राहिला. फोटोत काम पूर्ण. पुढच्या पावसात त्याच पायाला झाडं-फांद्या अडकून परत छोटा बांध तयार झाला, तो नंतर गावाने वर्गणी काढून मे महिन्यात फोडला. नदी मोकळी करायला निघालो आणि उन्हाळ्यात जिथे मासा जीव धरून राहतो तो डोहच आधी मारला, याचा राग मला अजून आहे.

न्यायाने बोलायचं तर कायद्यात सोय आहे. कंपनीने ते काम ऑनगोइंग प्रोजेक्ट (एकाहून जास्त वर्षं चालणारं काम) म्हणून धरलं तर उरलेला पैसा वेगळ्या खात्यात टाकून सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत वापरता येतो. आमच्या वेळी त्या कंपनीने तसं धरलं नाही, छोटं काम आहे लगेच होईल म्हणाले. दुसऱ्या कंपनीत चांगला अनुभव येईलही, पण पहिल्याच मीटिंगला हे लेखी विचारून घ्या.

ग्रामपंचायतीचा रस्ता उलट आहे, सुरुवातीलाच दमवतो. गावाच्या विकास आराखड्यात नाव, ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग कार्यादेश, आणि मधे इंजिनिअर बदलला की परत पहिल्यापासून समजवा. पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के निधी बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायचा) होता, त्यातला अर्धा स्वच्छतेला आणि अर्धा पिण्याच्या पाण्याला. आमच्या नळयोजनेची विहीर बंधाऱ्याला लागूनच, म्हणून स्रोताजवळचा गाळ आणि नादुरुस्त बांधकाम हटवणे असं पिण्याच्या पाण्याखाली बसवलं. २०२६ पासून सोळावा आयोग लागू आहे, तेव्हा शीर्ष कुठलं ते ग्रामसेवकांना विचारूनच लिहा. रक्कम कमी असते त्यामुळे आम्ही दोन उन्हाळ्यांत काम विभागलं, पहिल्या वर्षी फक्त गाळ, तो शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरने मळ्यात नेला, आणि दुसऱ्या वर्षी भिंत. ठेकेदाराला बिल मोजमाप झाल्यावरच, म्हणून तो कुरकुरला, तेही खरं आहे.

पण वहाळ पूर्ण आटेपर्यंत थांबता आलं हो. मे महिन्यात कोरड्या पात्रात पाया शेवटच्या दगडापर्यंत उकरला, एक फांदी अडकायला जागा ठेवली नाही. वरच्या विहिरीच्या पाण्याला उन्हाळ्यात जो कुजट वास यायचा तो त्यानंतरच्या वर्षी आला नाही, मी काही लॅबमध्ये तपासलेलं नाही, पण आमच्या घरी तेच पाणी पितात. आणि पहिल्या पावसात वरच्या वाडीतली पोरं ज्या मळ्यात मासे पकडायला गेली तिथे माझ्या आठवणीत तरी मासे चढत नव्हते.

काम एका सीझनमध्ये उरकायचं असेल, भिंत मोठी असेल, तर सीएसआरशिवाय इलाज नाही हे मान्य. एकदा तोडायला घेतलं की अर्ध्यात थांबता येत नाही. अमेरिकेत क्लामथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत काढली, त्याचे ४५ कोटी डॉलर आधी नक्की केले होते, २० कोटी वीज कंपनीच्या ग्राहकांकडून आणि २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या रोख्यांतनं. म्हणजे त्यांनीही एकाच खिशावर भरवसा ठेवला नाही. आपल्याकडे चिपळूणला २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीचा गाळ काढायला नाम फाउंडेशनची मशीनं आली होती, तसं मशीन एखाद्या संस्थेचं आणि बाकी खर्च पंचायतीचा हे जमलं तर मला वाटतं सगळ्यात बरं, कारण मशीन मे महिन्यात मागता येतं.

छोट्या वहाळावरच्या बंधाऱ्याला मात्र मी विचारलंत तर पंचायतच सांगेन. बंधारा बहुतेक जिल्हा परिषदेच्या नावावर असतो, तो निर्लेखित (निकामी म्हणून सरकारी नोंदीतून काढलेला) झाल्याशिवाय हात लावता येत नाही, आणि ते पत्र संस्थेने मागितलं की टेबलावर पडून राहतं, सरपंचांच्या सहीने ठरावासकट गेलं की हलतं, निदान आमचं तरी हललं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्या, २ ऑक्टोबरला पुढच्या वर्षाचा आराखडा सुरू होतो त्यात नाव चढवा, आणि निर्लेखनाचा अर्ज त्याच्याही आधी टाका, पैसा कुठूनही आला तरी तो कागद लागणारच.