रिटर्न तिकीट आधी काढू नका! (नैरोबीहून चेन्नईला, डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनसाठी)

मी मूळचा सांगलीचा, गेली 14 वर्षं नैरोबीत आहे. आमचे घरमालक नैरोबीजवळच्या लिमुरूचे, किकुयू समाजाचे, वय 67. त्यांना आम्ही सगळे म्झे म्हणतो, इथे वडीलधाऱ्या माणसाला तसंच म्हणतात. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचं (रेटिनाचं) ऑपरेशन चेन्नईच्या शंकर नेत्रालयात झालं, एकदा नाही दोनदा जावं लागलं आणि दोन्ही वेळा मी बरोबर होतो. इथल्या मंडळातले दोघंतिघं विचारत होते म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

म्झेंना वीस वर्षांची शुगर. डोळ्यात रक्त उतरलं, मग ते निवळेल म्हणून वाट बघण्यात दोन महिने गेले, आणि इथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली तर आत रक्ताच्या मागे पडदा ओढला जाऊन सुटायला लागलेला. डायबेटिसमध्ये पडद्यावर नको त्या नव्या रक्तवाहिन्या येतात, त्यांच्याबरोबर जाळ्यासारखे पापुद्रे धरतात आणि ते आकसले की पडद्याला ओढतात, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. त्यांनीच बाहेर जायचा विचार करा म्हटलं आणि रेफरल लेटर दिलं. पैशासाठी म्झेंच्या गावात हरांबे झाली, म्हणजे नातेवाईक, चर्चचे लोक, शेजारी सगळे वर्गणी काढतात, चहाच्या मळ्यात काम करणाऱ्या बायकांनी एम-पेसावरून (मोबाइलवरून पैसे पाठवायची इथली सोय) शंभर-शंभर शिलिंग पाठवले. तो पैसा डोळ्यासमोर असल्यामुळेच पुढची गोष्ट मला इतकी लागली.

इथल्या एका एजंटने पॅकेज दिलं. दहा दिवसांत सगळं उरकतं म्हणाला आणि बाराव्या दिवसाचं रिटर्न तिकीट काढून मोकळा झाला, तेही बदलता न येणारं. आम्हाला काय माहीत, आम्ही हो म्हटलं.

चेन्नईत पहिला अख्खा दिवस तपासण्यांत जातो हे धरूनच चाला. बाहुली मोठी करायचे थेंब, सोनोग्राफी, ओसीटी (पडद्याचा स्कॅन), शुगर, बीपी, ईसीजी, फिजिशियनचा फिटनेस. गर्दी भरपूर, बंगालकडचे लोक तर इतके की बाहेर खानावळीत माशाचं कालवण आणि भात मिळतो. इंग्रजी सगळीकडे चालते, आमच्यापैकी कुणालाही तमिळचा गंध नाही पण कुठे अडलं नाही. ही संस्था 1978 साली डॉ. बद्रीनाथांनी सुरू केली, ना-नफा तत्त्वावर चालते, आणि पैसेवाला आणि साधा माणूस एकाच रांगेत बसलेला मी तिथे पाहिला. बरोबर आलेल्या म्झेंच्या मुलीने हे दोनदा बोलून दाखवलं.

आता मुख्य मुद्दा. सर्जननी सगळं बघून झाल्यावर विचारलं, तुम्ही राहता कुठे? मुलगी म्हणाली लिमुरू. उंची किती? मी फोनवर बघून सांगितलं, साधारण 2200 मीटर, नैरोबीच 1800 च्या आसपास आहे. ते थांबले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढून आम्हाला नीट समजावलं. या ऑपरेशनमध्ये डोळ्यातला जेलीसारखा भाग काढतात, पापुद्रे सोडवतात, लेझर मारतात, आणि मग पडदा जागेवर दाबून धरायला आत एकतर गॅस भरतात नाहीतर सिलिकॉन ऑइल. गॅस भरला तर तो पूर्ण जिरेपर्यंत विमान बंद! विमानाच्या आत हवेचा दाब कमी असतो, साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढा, त्यामुळे डोळ्यातला गॅस फुगतो, डोळ्याचं प्रेशर एकदम चढतं आणि पडद्याचा रक्तपुरवठा बंद पडून नजर कायमची जाऊ शकते. एसएफ सिक्स गॅसला दोन-तीन आठवडे लागतात, सी थ्री एफ एटला सहा ते आठ. म्हणजे आमच्या बाराव्या दिवसाच्या तिकिटाला काही अर्थच नव्हता, आणि दुसरं म्हणजे म्झेंचा ई-मेडिकल व्हिसा 60 दिवसांचा, आठ आठवडे म्हणजे 56 दिवस, त्यात ऑपरेशनआधीचा आठवडा आधीच गेलेला. आणि म्झे घरी पोचले तरी घरच 2200 मीटरवर!! माझे हातपाय गार पडले होते खरं सांगतो.

ऑइल भरलं तर विमानाने जाता येतं. पण ते आपोआप जिरत नाही, काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून काढावं लागतं, म्हणजे परत तिकीट, परत व्हिसा, परत लॉज. आणि हे तुम्ही निवडायचं नसतं, आत पडदा कसा निघतो त्यावर सर्जन ठरवतात. तेव्हा दोन्हीची तयारी ठेवून या, असं ते म्हणाले. हे वाक्य नैरोबीत पैसे घेताना कुणीतरी सांगायला हवं होतं.

ऑपरेशनच्या काही दिवस आधी डोळ्यात एक इंजेक्शन दिलं, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून. ऑपरेशन डोळ्याभोवती भूल देऊन, म्झे जागे होते, दोन तास लागले. ऑइल भरलं. त्यानंतर पालथं झोपायचं, दिवसातले बरेचसे तास, आणि खरी परीक्षा तिथे आहे, 67 वर्षांचा जाडजूड माणूस तोंड खाली करून किती वेळ पडून राहणार? आम्ही दोन उशा आणि घडी केलेलं ब्लँकेट असं जुळवलं, मुलगी शेजारी जमिनीवर बसून किकुयूतून बायबल वाचायची. लॉज दिवसाला 1800 रुपयांचं, पण किचन असलेलं घेतलं हे फार बरं झालं. मक्याचं पीठ आम्ही घरून नेलं होतं, रोज उगाली व्हायची (आपल्या उकडीसारखीच, जरा जास्त घट्ट), पालेभाजी तिथे मुबलक. रोजचं जेवण मिळालं म्हणून शुगर ताब्यात राहिली असं माझं मत.

पहिलं तिकीट बुडालं, सतराव्या दिवशी नवीन काढून परत आलो. ऑइल असताना नजर धूसरच असते, चष्म्याचा नंबर पार बदलतो, त्यामुळे घरी आल्यावर "एवढे पैसे घालून हेच का" असं लोक म्हणायला लागले आणि म्झे गप्प गप्प झाले. हे आधी माहीत असेल तर घरच्यांना सांगून ठेवा, त्या माणसाला त्या चार महिन्यांत धीर लागतो. चार महिन्यांनी ऑइल काढलं, तेव्हा डोळ्यात थोडी हवा राहिली होती, ती जाईपर्यंत पुन्हा आठवडाभर थांबलो. पण या वेळी तिकीट सर्जननी हो म्हटल्यावरच काढलं.

बाकी कामाच्या गोष्टी. केनियातून भारतात येताना यलो फीव्हरचं सर्टिफिकेट लागतं आणि लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते लागू होतं, शेवटच्या आठवड्यात घेऊन चालत नाही. मेडिकल व्हिसाला हॉस्पिटलचं लेटर लागतं, ते मेलवर मागवा, सोबतच्या माणसाचा अटेंडंट व्हिसा वेगळा. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यात "गॅस किंवा ऑइल" दोन्ही धरून मागा. महाराष्ट्रातून चेन्नईला किंवा हैदराबादला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे बरं का, डोळ्यात गॅस असेल तर देशातलं विमानही नाही, आणि रेल्वेने किंवा गाडीने जाताना वाटेत घाट असेल तर तेही विचारून घ्या. दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तर डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगा, नायट्रस ऑक्साइडनेही तो फुगतो.

आणि एक, डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्यासारख्या दिसल्या, काळे ठिपके वाढले, एका बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखं दिसायला लागलं तर परदेशाचं नावही काढू नका, जवळच्या रेटिना सर्जनकडे त्याच दिवशी जा, तिथे दिवस नाही तास मोजतात. आमची केस जुनी होती म्हणून एवढा प्रवास जमला.

हॉस्पिटलला माझ्याकडून पाचपैकी पाच. एजंटला काही नाही.

म्झेंना उजव्या डोळ्याने आधी फक्त हात हलताना कळायचा. आता चष्मा लावून पेपरातले मोठे मथळे वाचतात, बारीक अक्षर नाही, ते येणार नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. डाव्या डोळ्याला नैरोबीतच लेझर केलंय, दर तीन महिन्यांनी तपासणी, पुढची जूनमध्ये आहे, मीच घेऊन जाणार आहे.