मायकेल स्कॉट गेल्यावर काय बघायचं? स्टीव्ह कॅरेलच्या पुढच्या कामांची तुलना

'द ऑफिस' ही एका कचेरीवरची अमेरिकन विनोदी मालिका, माहितीपटाच्या ढंगात चित्रित केलेली. तिच्यातला साहेब मायकेल स्कॉट (स्टीव्ह कॅरेल) 28 एप्रिल 2011 रोजी लागलेल्या भागात स्क्रँटन हे गाव सोडतो. विमानतळावरची तपासणी उरकल्यावर तो कॅमेरावाल्यांना विचारतो, हे कधी टीव्हीवर लागलं तर मला कळवाल ना? मग अंगावरचा माइक काढतो आणि त्यांच्या हातात देतो. त्यानंतर त्याचे ओठ हलतात, पण आवाज येत नाही. कचेरीतली सहकारी पॅम धावत येते, मिठी मारते, दोघं काहीतरी बोलतात. तेही आपल्याला ऐकू येत नाही. सात सीझन ज्याची बडबड एक मिनिट थांबली नाही, त्याचा निरोप मुका आहे. मालिकेतला हा सगळ्यात हुशारीने लिहिलेला प्रसंग असावा.

इथे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे उरलेली मालिका बघायची. दुसरी म्हणजे स्टीव्ह कॅरेलच्या मागे जायचं. पहिलीचा निकाल लवकर लागतो. मालिका एकूण 201 भागांची आहे आणि ती 16 मे 2013 ला संपली. आठव्या सीझनमध्ये साहेबाच्या खुर्चीभोवती नुसती धावपळ आहे. जेम्स स्पेडर उत्तम नट आहे, पण त्याने केलेला नवा साहेब रॉबर्ट कॅलिफोर्निया या कचेरीत कुणालाच नकोसा आणि कुणालाच हवासा नसल्यामुळे प्रसंगांना टेकू मिळत नाही. आठवा सोडलात तरी फार काही हुकत नाही. नववा मात्र बघा, निदान उत्तरार्ध तरी. पॅम आणि तिचा नवरा जिम यांच्या संसारातला ताण तिथे खरा वाटतो, आणि शेवटच्या भागात कॅरेल सहकारी ड्वाइटच्या लग्नाला येतो. त्याच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्यं आहेत. त्या दोन वाक्यांसाठी आधीचे भाग बघितलेले असावे लागतात.

दुसऱ्या वाटेवर निवड अवघड होते, कारण कॅरेलची पुढची कामं एकमेकांपासून फार लांबची आहेत. निवडीला एक खूण उपयोगी पडते. मायकेलच्या टेबलावर 'जगातला सर्वोत्तम बॉस' असं लिहिलेला कॉफीचा कप असतो, आणि तो त्याने स्वतःच दुकानातून आणलेला असतो. लोकांनी आपल्याला मानावं ही भूक आणि ते मानत नाहीत म्हणून स्वतःच स्वतःचा सत्कार करून घेणं, हा मायकेलचा गाभा. कॅरेलची जी कामं जमली आहेत, त्यांतल्या बऱ्याच कामांत ही भूक वेगळ्या रूपात दिसते किंवा मुद्दाम काढून टाकलेली असते. मायकेलचं नुसतं बाह्यरूप पुन्हा उभं करायला गेल्यावर मात्र काम फसलं आहे.

फसण्याचं ठळक उदाहरण 'स्पेस फोर्स'. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, कारण नावं ओळखीची आहेत. 'द ऑफिस'ची अमेरिकन आवृत्ती उभी करणारा ग्रेग डॅनियल्स आणि कॅरेल या दोघांनी मिळून ती नेटफ्लिक्ससाठी केली. मे 2020 मध्ये पहिल्या सीझनचे दहा भाग आले, फेब्रुवारी 2022 मध्ये दुसऱ्याचे सात, आणि त्याच वर्षी मालिका बंद झाली. विनोद लिहिणारे तेच, नट तोच, तरी हसू येत नाही. याला दोन कारणं आहेत. 'द ऑफिस'मध्ये कॅमेरा हे एक पात्र होतं. मायकेल चुकीचं बोलून जायचा आणि लगेच लेन्सकडे बघायचा, त्या अर्ध्या सेकंदाच्या नजरेत विनोद होता. 'स्पेस फोर्स'मध्ये तो कॅमेरा नाही, त्यामुळे कॅरेलच्या डोळ्यांना बघायला जागाच उरली नाही. दुसरं, मायकेल कागद विकणाऱ्या कंपनीच्या लहानशा शाखेचा मॅनेजर होता. त्याच्या मूर्खपणाची किंमत फार तर एखादा गिऱ्हाईक. 'स्पेस फोर्स'मधल्या कॅरेलच्या, म्हणजे जनरल मार्क नेर्डच्या हाताखाली रॉकेट आहेत. त्याने तसाच मूर्खपणा केला तर धसका बसतो, आणि नाही केला तर विनोद संपतो. लेखकांना यातून वाट सापडेपर्यंत पहिला सीझन सरला होता. दुसरा सीझन आटोपशीर आहे. जॉन माल्कोविचच्या शास्त्रज्ञाला त्यात जास्त जागा मिळाली आणि तिथे मजा येते. बघायचीच असेल तर पहिल्यातले दोन-तीन भाग बघून थेट दुसऱ्यावर जा. गोष्ट अर्धवट राहते, ते धरून चाला.

आता 'फॉक्सकॅचर'. बेनेट मिलरचा हा 2014 चा चित्रपट 134 मिनिटांचा आहे आणि कॅरेलला ऑस्करचं नामांकन मिळालं ते यासाठी. जॉन ड्यु पाँट (कॅरेल) हा अफाट श्रीमंत माणूस आपल्या इस्टेटीवर कुस्तीचं केंद्र उभारतो आणि ऑलिम्पिक विजेते पैलवान बंधू मार्क आणि डेव्ह शुल्ट्झ यांना पदरी ठेवतो. 26 जानेवारी 1996 ला त्याने डेव्हला गोळ्या घालून ठार केलं, ही खरी घटना आहे. कॅरेलला नकली नाक लावलंय, हनुवटी वर उचललेली, आणि दोन वाक्यांमध्ये इतकी लांब शांतता की समोरच्याला अंग चोरावं लागतं.

या माणसाला कुस्ती शिकवता येत नाही. एका प्रसंगात त्याची म्हातारी आई चाकांच्या खुर्चीत बसून आखाड्यात येते. तिला बघताच तो पैलवानांना भोवती गोळा करतो आणि अगदी प्राथमिक पकड समजावून सांगू लागतो, जणू तोच त्यांचा गुरू. पैलवान मान खाली घालून ऐकतात. आई थोडा वेळ बघते आणि खुर्ची वळवून घेऊन जायला लावते. वयस्कांच्या एका स्पर्धेत तो ढाल जिंकतो, तीही प्रतिस्पर्ध्याला आधीच पैसे पोचवून. कप आणि ढाल यांत फरक एवढाच की मायकेलकडे पैसा आणि सत्ता नव्हती. हे लक्षात आलं की चित्रपट अंगावर येतो. म्हणूनच 'द ऑफिस' संपवून लगेच हा लावू नका. मध्ये काहीतरी असू द्या, नाहीतर पहिला अर्धा तास विनोद कधी होतोय याची वाट बघण्यात जातो आणि मिलरची संथ लय कंटाळवाणी वाटते.

मध्ये घालायला 'द वे वे बॅक' चांगला. 2013 चा, 103 मिनिटांचा. गाडी चालवताना ट्रेंट (कॅरेल) मागे बसलेल्या, आपल्या मैत्रिणीच्या चौदा वर्षांच्या मुलाला विचारतो, स्वतःला दहापैकी किती गुण देशील? मुलगा बिचकत सहा म्हणतो. ट्रेंट म्हणतो, मला तू तीन वाटतोस. आवाज चढलेला नाही, शिवी नाही. मायकेलला लोकांचं मन कळत नसे, ट्रेंटला कळतं आणि तो ते वापरतो. चित्रपट एकंदरीत हलकाफुलका आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीतला, आणि वयात आलेल्या मुलांबरोबर बघता येतो. कॅरेलची बदललेली बाजू बघायला याहून सोपी पायरी नाही.

वेळ सव्वादोन तासच असेल आणि एकच निवडायचा असेल तर 'द बिग शॉर्ट' (2015, 130 मिनिटं). 2008 च्या आर्थिक कोसळण्यावर पैज लावणारे चार-पाच जण, त्यातला मार्क बाउम कॅरेलने केला आहे. इथे ती भूक काढूनच टाकली आहे. बाउमला कुणी आपल्याला चांगलं म्हणावं याची फिकीर नाही. लास व्हेगासच्या परिषदेत वक्ता तोटा पाच टक्क्यांवर थांबेल असं सांगत असताना हा भर सभेत बोटांनी शून्य दाखवतो: तशी शक्यता शून्य टक्के. गृहकर्जांची गाठोडी बांधून विकण्याचा व्यवहार डोक्यावरून गेला तरी अडत नाही, कॅरेलचा चढत जाणारा संताप गोष्ट पुढे नेतो. अडचण एकच. संवाद वेगवान आहेत, त्यामुळे सबटायटल्स लावूनच बघा आणि जेवताना बघू नका.

मालिकाच हवी असेल तर तुलना 'द मॉर्निंग शो' आणि 'द पेशंट' यांच्यात होते. पहिली ॲपल टीव्हीवर नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली. कॅरेल त्यात मिच केसलर, सकाळच्या कार्यक्रमाचा लाडका निवेदक, लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांवरून काढून टाकलेला. तो पहिल्या दोन सीझनमध्येच आहे, आणि त्यातही मालिका प्रामुख्याने जेनिफर ॲनिस्टन आणि रीझ विदरस्पून यांची. त्याच्यासाठी बघत असाल तर पहिल्या सीझनचा आठवा भाग कळीचा. त्यात मागचा काळ दाखवला आहे, मिच अजून पदावर असतानाचा, आणि त्याचं गोड वागणंच कसं सापळा होतं ते उलगडतं. पण आधीचे सात भाग गाळले तर त्याचा घाव बसत नाही. सुमारे सात-आठ तासांची गुंतवणूक आहे.

'द पेशंट' (2022) दहा भागांची आहे, बरेच भाग अर्ध्या तासाच्या आतबाहेर, सगळी मिळून पाच तासांच्या आसपास. ॲलन स्ट्रॉस हा मानसोपचारतज्ज्ञ एका सकाळी तळघरातल्या पलंगावर जागा होतो आणि पायात साखळी असते. त्याला पळवून आणणारा त्याचाच रुग्ण, डॉम्नॉल ग्लीसनने केलेला सॅम. सॅम खून करतो आणि ते थांबवायला उपचार हवे आहेत. हॉटेलांची तपासणी हा त्याचा व्यवसाय, त्यामुळे कैद्याला जेवण मात्र निवडक आणतो. कॅरेलजवळ इथे फक्त चेहरा, दाढी आणि साखळीच्या लांबीएवढी जागा. समोरच्याला दुखवायचं नाही, तरी खरं सांगायचं, आणि चेहऱ्यावर भीती दिसू द्यायची नाही. मायकेलला एक सेकंदही न जमलेली गोष्ट, म्हणजे ऐकून घेणं, इथे दहा भाग चालते. आमच्या मते 2011 नंतरचं हे त्याचं सर्वात भक्कम काम आहे. रोज दोन भाग या बेताने घ्या. एका बैठकीत संपवली तर मधले भाग सारखे वाटतात, तेही तळघर बदलत नाही म्हणून. शेवट गोड नाही.

'ब्युटिफुल बॉय' (2018) अमली पदार्थांत सापडलेल्या मुलाच्या बापाची गोष्ट आहे. घरात कुणी त्यातून गेलं असेल तर एकट्याने लावू नका.

जड काही नकोच असेल तर 'क्रेझी, स्टुपिड, लव्ह', मालिका सोडली त्याच उन्हाळ्यातला. आणि 2025 ची 'द फोर सीझन्स', टीना फेबरोबर, नेटफ्लिक्सवर, पहिल्या सीझनचे आठ छोटे भाग: तीन जोडपी, चार सहली, आणि पंचवीस वर्षांचा संसार मोडायला निघालेला निक (कॅरेल). त्याच वर्षीचा 'माउंटनहेड' कलाकारांच्या नावांमुळे मोहात पाडतो, पण त्यातले चार अतिश्रीमंत मित्र अखंड बोलत राहतात. कान तयार असतील तरच घ्या.

घरात लहान मुलं असतील तर प्रश्न मिटलाच, 'डेस्पिकेबल मी'मधला ग्रू त्याचाच आवाज आहे. फक्त हिंदी डब लावलं तर कॅरेल ऐकू येणार नाही, भाषा बदलून इंग्रजी करून घ्या.